खोकला नसलेल्या सीएफच्या बाळाला रोजची छातीची फिजिओथेरपी आवश्यक आहे का?

प्रश्न : तासगावकर

नमस्कार. आमचा मुलगा चौदा महिन्यांचा असून त्याला सिस्टिक फायब्रोसिस (सीएफ) असल्याचे निदान झाले आहे. गेल्या एप्रिलमध्ये उन्हाचा कडाका असताना तो उलट्या करून एकदम मलूल पडला आणि त्याला मिरजेत दाखल करावे लागले. रक्तातील सोडियम, पोटॅशियम आणि क्लोराइड ही तिन्ही कमी निघाली. सलाइन लावल्यावर तो हसू-खेळू लागला, परंतु घरी आल्यावर मे महिन्यात पुन्हा तेच झाले. दुसऱ्या खेपेस तेथील डॉक्टरांनी बाळाचा मुका घेतल्यावर ओठांना खारट लागते का, असे विचारले. माझी आई तर हे बारशापासून म्हणत होती. पुढे मुंबईला घामाची तपासणी झाली, तीत क्लोराइड ९४ म्हणजे खूपच जास्त आले, आणि जनुकीय तपासणीत एफ५०८डेल या बदलाच्या दोन प्रती मिळाल्या. त्याची शी तेलकट आणि फार दुर्गंधीयुक्त होत असे; पॅन्क्रियाटिक एन्झाइम (अन्न पचवणारे औषध) सुरू केल्यापासून ती सुधारली आहे आणि वजनानेही चांगली उचल घेतली आहे.

माझा प्रश्न फुफ्फुसांविषयी आहे. बाळाला खोकला नाही, छाती वाजत नाही, एक्स-रे स्वच्छ आहे. तरीही मुंबईच्या डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ छातीवर थापट्या देण्याची फिजिओथेरपी, नेब्युलायझरमधून तीव्र मिठाच्या पाण्याची वाफ आणि दर तीन महिन्यांनी घशातील स्रावाचे कल्चर (जंतू शोधण्याची तपासणी) असे सर्व लिहून दिले आहे. घरात रोज याच विषयावर वाद होतो. आईचे म्हणणे असे की, जे पोर खोकतच नाही त्याला दोन वेळा बडवून रडवायचे कशासाठी. खोकला लागला की करू. बायकोची बाजू डॉक्टरांची आहे. मी दिवसभर द्राक्षबागेत असतो, त्यामुळे दोघींच्या मध्ये सापडतो आणि खरे काय ते मला सांगता येत नाही. शिवाय दुसऱ्या एका डॉक्टरांनी दोन वर्षांचा झाला की छातीचा सीटी स्कॅन करून घ्या, असे सुचवले आहे. आजार फुफ्फुसात उतरलेलाच नसेल, तर इतक्या लहान वयात सीटीची किरणे द्यावीत का?

जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.


उत्तर : मिरजेतील बालरोगतज्ज्ञ

मी आपले बाळ पाहिलेले नाही, त्यामुळे औषधांचे प्रमाण वगैरे येथे सांगणार नाही. परंतु आपला मूळ प्रश्न सीएफमधील सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याला हात घालतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. आपल्या आईंना हे वाचून दाखवले तरी चालेल.

बाळ खोकत नाही हे आईंचे निरीक्षण खरे आहे. त्यावरून फुफ्फुसे निरोगी आहेत असे मात्र या आजारात म्हणता येत नाही. सातव्या गुणसूत्रावरील सीएफटीआर या जनुकात दोष असल्यामुळे पेशींच्या आवरणातून होणारी क्लोराइड आणि बायकार्बोनेट यांची ने-आण थांबते. परिणामी श्वासनलिकांच्या आतील पातळ द्रवाचा थर आटतो, कफ घट्ट आणि चिकट होतो, आणि तो वर ढकलणाऱ्या सूक्ष्म केसांना आपले काम करता येत नाही. पाटाला पाणी कमी सोडले की गाळ पुढे न जाता जागीच बसतो, तसा हा कफ बसतो. आणि तो प्रथम बसतो तो अगदी बारीक नळ्यांत, जेथून ना खोकला उठतो ना स्टेथोस्कोपला काही ऐकू येते. साचलेल्या कफाभोवती न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी जमतात. त्यांच्यातून इलास्टेज हे द्रव्य बाहेर पडते. जंतू मारण्यासाठी असलेले हे द्रव्य श्वासनलिकेच्या भिंतीतील लवचीक तंतूही कुरतडते, भिंत सैल होते आणि नळी कायमची रुंदावते. यालाच आम्ही ब्रॉन्किएक्टेसिस म्हणतो. एकदा पक्की झालेली ही रुंदी सहसा पूर्ववत होत नाही.

हे किती लवकर घडते, याचे उत्तर ऑस्ट्रेलियातील डॉक्टरांनी दिले. तेथे जन्मानंतर लगेच सर्व बाळांच्या टाचेतून रक्त घेऊन सीएफची चाचणी होते, त्यामुळे लक्षणे दिसण्यापूर्वीच बाळे उपचाराखाली येतात. अशा बाळांचे सीटी स्कॅन आणि ब्रॉन्कोस्कोपी (श्वासनलिकेत दुर्बीण घालून तपासणी) करून झालेला एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यांतील बाळांचे सरासरी वय साडेतीन महिन्यांच्या आसपास होते आणि ८४ टक्के बाळांना श्वसनाचे एकही लक्षण नव्हते. तरीही सुमारे ८१ टक्के बाळांच्या सीटीत काही ना काही दोष होता. कोणाच्या श्वासनलिकेची भिंत जाड झालेली होती, कोणाच्या फुफ्फुसात हवा अडकून राहत होती, तर काहींच्या नळ्या रुंदावूही लागल्या होत्या. त्याच गटाने २०१३ साली सव्वाशेहून अधिक बाळांचा तीन वर्षांपर्यंत पाठपुरावा करून दाखवले की, तिसऱ्या महिन्यात सुमारे २९ टक्के बाळांत ब्रॉन्किएक्टेसिस दिसते आणि तिसऱ्या वर्षी हे प्रमाण ६१ टक्क्यांवर जाते. तिसऱ्या महिन्यात ज्यांच्या फुफ्फुसातील द्रवात इलास्टेज सापडले होते, त्यांना पुढे हा धोका अधिक होता.

ही बाळे कुणाच्या नजरेतून निसटलेली नव्हती; त्यांना चांगले उपचार मिळत होते. आपल्याकडे सीएफसाठी सार्वत्रिक नवजात चाचणी नाही. मुले येतात ती वारंवार न्यूमोनिया झाल्यावर, अनेकदा दमा किंवा क्षयाचे उपचार होऊन गेल्यावर. आपल्या बाळाचे निदान मिठाच्या कमतरतेवरून पहिल्या वर्षातच झाले, हे या दृष्टीने चांगलेच झाले. फुफ्फुसांसाठी हाती वेळ मिळाला आहे.

साधा एक्स-रे या टप्प्यावर फारसा उपयोगी नाही, कारण तो हे सूक्ष्म बदल दाखवत नाही. फुंकर मारून करायची स्पायरोमेट्री पाच-सहा वर्षांच्या आधी नीट जमत नाही, आणि जमली तरी मोठ्या नळ्या शाबूत असेपर्यंत तिचे आकडे चांगलेच येतात. लंग क्लिअरन्स इंडेक्स नावाची, फुफ्फुसांतील हवा किती सहज बदलते हे मोजणारी अधिक संवेदनशील चाचणी आहे, परंतु तिची सोय मोजक्या ठिकाणीच असते. म्हणून या वयात आमचे लक्ष तीन गोष्टींवर असते : वजन आणि उंची, दर तीन महिन्यांचे कल्चर, आणि ओल्या खोकल्याची पहिली चाहूल.

सीटीविषयी. सीटीमुळे किरणोत्सर्ग होतो हे खरे. लहान मुलांसाठी कमी मात्रेचा सीटी करता येतो आणि तो ज्या केंद्रात नेहमी होतो तेथेच करावा. काही देशांत तो ठरावीक वर्षांनी नियमित करतात, तर इतरत्र विशिष्ट कारण असेल तरच करतात. मी स्वतः डॉक्टरांना एक प्रश्न विचारण्याचा सल्ला देईन : या स्कॅनमध्ये अमुक दिसले तर उपचारात काय बदल कराल? उत्तर स्पष्ट असेल तर स्कॅन जरूर करावा. केवळ फाईलमध्ये असावा म्हणून करू नये. ब्रॉन्कोस्कोपीबाबतही हेच. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये काही बाळांचे उपचार नियमित ब्रॉन्कोस्कोपीच्या आधारे आणि काहींचे नेहमीच्या पद्धतीने करून तुलना झाली. पाचव्या वर्षी दोन्ही गटांत सीएफच्या फुफ्फुसांना घातक ठरणाऱ्या स्यूडोमोनास जंतूचे प्रमाण आणि सीटीतील इजा यांत लक्षणीय फरक आढळला नाही.


उत्तर : प्रीतिसंगम, कराड

माझी मुलगी आता चौथीत आहे. तिचे निदान दीड वर्षाची असताना झाले. डॉक्टरसाहेबांनी कारण सांगितलेच आहे. मी केवळ घरात हे कसे जमते ते लिहिते, कारण वहिनींना त्याचीच गरज अधिक असेल.

थापट्या म्हणजे बडवणे नव्हे, हे सासूबाईंना प्रत्यक्ष दाखवावे. हाताचा तळवा ओंजळीसारखा खोलगट करायचा, बोटे जुळवायची, मनगट सैल ठेवायचे आणि बाळाच्या अंगावर पातळ सुती कपडा ठेवून त्यावरून थापट्या द्यायच्या. आवाज पोकळ, घुमल्यासारखा आला की हात बरोबर पडतो आहे असे समजावे. चटचट आवाज आला, तर तळवा सपाट पडतो आहे आणि बाळाला ते लागते. माझ्या सासूबाईंनी स्वतःच्या मांडीवर असा हात देऊन पाहिला आणि त्यानंतर संध्याकाळची पाळी त्यांनीच घेतली. मुलगी त्यांच्या मांडीवर पालथी पडून अभंग ऐकत झोपून जात असे. हे सर्व दूध पाजण्यापूर्वी करावे, किंवा खाल्ल्यानंतर किमान दीड-दोन तासांनी. पोट भरलेले असेल तर उलटी होते आणि आपण जमवून आणलेले वजन वाया जाते.

नेब्युलायझरच्या स्वच्छतेकडे कृपया दुर्लक्ष करू नका. मास्क आणि औषधाची वाटी प्रत्येक वेळी साबणाच्या पाण्याने धुवावी, आणि उकळण्याजोगे भाग कंपनीच्या सूचना पाहून रोज पाच मिनिटे उकळावेत. नंतर नळाच्या पाण्याने पुन्हा विसळू नयेत. स्वच्छ कोरड्या कपड्यावर मोकळे ठेवून पूर्ण वाळू द्यावेत. ओलसर वाटी झाकणबंद डब्यात ठेवली की तीत नेमका स्यूडोमोनाससारखा जंतू वाढतो, असे आम्हाला प्रथमच बजावले गेले होते. वीज जाण्याचा प्रश्न तुमच्याकडेही असेलच. बॅटरीवर चालणारे यंत्र मिळते, ते जवळ असावे.

एन्झाइमचे दाणे चुरडू नयेत आणि दुधाच्या बाटलीत टाकू नयेत. शिजवलेल्या सफरचंदाच्या चमचाभर गरावर कॅप्सूल उघडून ते दाणे द्यावेत, त्यावर लगेच दूध पाजावे आणि शेवटी हिरड्यांजवळ दाणा अडकलेला नाही ना, हे बोटाने पाहावे. दाणा राहिला तर तोंड सोलवटते. फुफ्फुसांच्या चर्चेत हे कशाला, असे वाटेल. परंतु आमच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितले होते की वजन आणि फुफ्फुसे यांची जोडी आहे. तिसऱ्या वर्षी ज्यांचे वजन चांगले असते, त्यांची सहाव्या वर्षीची फुफ्फुसांची चाचणीही अधिक चांगली येते, असे अमेरिकेतील मुलांच्या नोंदींवरून दिसले आहे.

आणखी एक गोष्ट आपल्या भागापुरती लिहिते. सध्या ऊसतोडीचा हंगाम आहे. फडातले पाचट पेटवले की संध्याकाळी काळी काजळी अंगणात पडते. त्या वेळी दारे-खिडक्या बंद करून बाळाला आतल्या खोलीत ठेवावे. अंघोळीच्या पाण्याचा बंब आणि चूल घराबाहेर हलवता आली तर उत्तम. कडबाकुट्टीचे यंत्र चालू असताना बाळाला गोठ्याकडे मुळीच नेऊ नये. जुन्या दमट वैरणीत बुरशी असते आणि तिचे कण श्वासावाटे थेट आत जातात. २०१९ च्या महापुरानंतर नदीकाठच्या कितीतरी घरांच्या भिंतींना बुरशी आली होती; तुमच्या घराला ओल असेल तर त्या खोलीत बाळाला झोपवू नका. आणि घरात कोणी विडी-सिगारेट ओढत असेल, तर त्याला ती उंबऱ्याबाहेरच नव्हे, पूर्णच सोडायला लावा. धूर कपड्यांतूनही घरात येतो.

दोन महिन्यांत पुन्हा उन्हाळा येईल. मीठ किती वाढवायचे, हे होळीच्या आधीच डॉक्टरांकडून लिहून घ्या.


उत्तर : सातारकर

मी डॉक्टर नाही, परंतु सूक्ष्मजीवशास्त्राचा विद्यार्थी असल्याने काही संशोधन वाचले आहे. येथे सगळे एकाच बाजूने लिहीत आहेत, म्हणून दुसरी बाजू मांडतो. पाच वर्षांखालील मुलांना तीव्र मिठाच्या पाण्याची वाफ देण्याचा मोठा प्रयोग २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात तीनशेहून अधिक मुले होती. निम्म्यांना सात टक्के मिठाचे पाणी दिले आणि निम्म्यांना साधे ०.९ टक्के सलाइन दिले. ४८ आठवड्यांनंतर फुफ्फुसांचा आजार बळावण्याच्या प्रसंगांत दोन्ही गटांत फरक पडला नाही. लक्षणे नसलेल्या तान्ह्या बाळांत थापट्यांचा दीर्घकाळ फायदा होतो, असे ठामपणे सिद्ध करणारा प्रयोगही माझ्या वाचनात नाही. मग एका शेतकरी कुटुंबाने रोज इतका वेळ, पैसा आणि बाळाचे रडणे यासाठी खर्च करावे का? आजीबाईंच्या म्हणण्यात अगदीच तथ्य नाही, असे मला वाटत नाही.


उत्तर : मिरजेतील बालरोगतज्ज्ञ

आक्षेप योग्य आहे आणि अभ्यासाचा तपशीलही आपण बरोबर दिला आहे. परंतु त्या प्रयोगाने मोजले काय, हे पाहावे लागेल. त्यात आजार बळावण्याचे प्रसंग मोजले होते, आणि ज्या वयात आजार मुळात लक्षणांविनाच सरकतो त्या वयात लक्षणे मोजून फरक सापडणे अवघड असते. पुढे तीन ते सहा वर्षांच्या मुलांत हाच प्रयोग वेगळ्या मोजपट्ट्यांनी झाला. २०१९ साली लंग क्लिअरन्स इंडेक्स सुधारल्याचे दिसले, आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या सीटीच्या तुलनेत सात टक्के मिठाचे पाणी घेणाऱ्या मुलांत श्वासनलिकांचे दोष कमी आढळले. म्हणजे तीन वर्षांनंतरच्या वयासाठी पुरावा बऱ्यापैकी आहे. त्याखालील बाळांसाठी तो अजून तोकडा आहे, आणि म्हणूनच वेगवेगळी केंद्रे वेगवेगळे सल्ले देतात. अॅझिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाचे उदाहरणही असेच आहे. तीन महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत ते नियमित दिल्यावर ब्रॉन्किएक्टेसिसचे प्रमाण घटले नाही, परंतु श्वासनलिकांतील दाह आणि रुग्णालयात काढावे लागलेले दिवस कमी झाले.

थापट्यांबाबत आपले म्हणणे मी मान्य करतो, एका पुरवणीसह. ज्या बाळात कफ साचण्याची यंत्रणा जन्मतःच आहे, त्याला दोन वर्षे मोकळे सोडून काय होते हे पाहण्याचा प्रयोग कोणी करणार नाही. त्यामुळे हवा तसा पुरावा कधी मिळेल असेही नाही. शिवाय या वयात अंगवळणी पडलेली गोष्ट पाचव्या वर्षी नव्याने लावायची नसते. पाच वर्षांच्या मुलाला ही सवय लावण्यासाठी झगडणाऱ्या आई-बापांना मी रोज पाहतो.

रडण्याचा मुद्दा मात्र फार महत्त्वाचा आहे आणि आजीबाईंनी तो बरोबर हेरला आहे. रडणारे बाळ वाफ घेत असते तेव्हा औषधाचा बराचसा भाग चेहऱ्यावर, घशात आणि पोटात जातो. फुफ्फुसापर्यंत फारच थोडा पोहोचतो. मास्क चेहऱ्यापासून दूर धरला तरी तेच. त्यामुळे रडवून दिलेली वाफ ही बहुतांशी वाया गेलेली वाफ असते. तासगावकर, बाळ दररोज रडत असेल तर वेळ बदला, गोष्ट लावा, मास्क आधी खेळायला द्या. एवढे करूनही जमत नसेल तर मुंबईच्या डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगा. परस्पर बंद करू नका, पण लपवूही नका. तीव्र मिठाच्या पाण्याची पहिली मात्रा डॉक्टरांसमोर, आधी सालब्युटामॉल (श्वासनलिका मोकळ्या करणारे औषध) देऊन झाली होती ना, हेही पाहा. काही बाळांच्या श्वासनलिका त्या पाण्याने आवळतात.


उत्तर : फिजिओथेरपिस्ट, सांगली

वरच्या चर्चेत एक गोष्ट सुटली आहे. पूर्वी बाळाचे डोके खाली आणि पाय वर करून थापट्या देत असत. अजूनही काही जुन्या पुस्तकांत आणि व्हिडिओंत तशी चित्रे आहेत. बाळांत तसे करू नये. त्या स्थितीत पोटातले दूध आणि आम्ल अन्ननलिकेत वर येते, बाळ अधिक रडते, आणि वर आलेले दूध श्वासनलिकेत उतरण्याचा धोका असतो. आता आम्ही बाळाला सपाट किंवा डोके किंचित वर ठेवून, कुशीवर, पालथे आणि मांडीवर बसवून असे आळीपाळीने घेतो. बरगड्यांच्या खाली, पोटावर, पाठीच्या कण्यावर आणि छातीच्या मधल्या हाडावर थापट्या द्यायच्या नाहीत.

चौदा महिन्यांच्या मुलाला केवळ थापट्यांवर ठेवण्याचीही आवश्यकता नाही. मोठ्या चेंडूवर बसवून धरून उसळवणे, काखेत धरून उड्या मारायला लावणे, पळवणे, खळखळून हसवणे या सर्वांनी श्वास खोल जातो आणि कफ हलतो. दोन-अडीच वर्षांचा झाला की साबणाचे फुगे आणि पिपाणी. त्यानंतर पाण्याच्या बाटलीत नळीने बुडबुडे काढण्याचा प्रकार शिकवता येतो. पाणी मात्र प्रत्येक वेळी ताजे घ्यावे आणि खेळ संपल्यावर बाटली वाळवावी. सर्दी-खोकला झाला की सत्रे वाढवावी लागतात. तेव्हा थांबवायची नसतात, असे मुद्दाम सांगतो, कारण अनेक घरांत नेमके उलटे होते.

दर तीन महिन्यांच्या भेटीत आपला हात फिजिओथेरपिस्टला दाखवून घ्यावा. बाळ वाढते तशा जागाही बदलतात.


तासगावकर

सर्वांचे मनापासून आभार. कराडच्या ताईंचे उत्तर आईला वाचून दाखवले. तिने तळवा खोलगट करून माझ्याच पाठीवर प्रयोग केला आणि सकाळची वेळ माझी, असे जाहीर केले आहे. चुलीबद्दल मात्र ती अजून ऐकत नाही.

आणखी काही विचारायचे आहे. कल्चरमध्ये स्यूडोमोनास निघाला तर पुढे काय होते? एफ५०८डेलवर चालणाऱ्या नव्या गोळ्यांविषयी नातेवाईक सतत विचारतात, त्या आपल्या आवाक्यात येतील का? बायको माझ्या मामाची मुलगी आहे, आणि आम्हाला पाच वर्षांची एक मुलगी आहे; तिला काही तपासण्या लागतील का? शेवटचे म्हणजे, सांगली-सातारा भागातील सीएफच्या मुलांची कुटुंबे एखाद्या रविवारी आमराईत जमली, मुले एकत्र खेळली आणि आपली ओळख झाली तर किती बरे होईल.


उत्तर : मिरजेतील बालरोगतज्ज्ञ

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते तातडीचे आहे. आपण सर्व पालक अवश्य भेटा, परंतु सीएफची मुले एकत्र आणू नका. एका मुलाच्या फुफ्फुसातील जंतू दुसऱ्याकडे जातात. स्यूडोमोनासचे काही प्रकार आणि बर्खोल्डेरिया नावाचा जंतू हे त्या दृष्टीने विशेष घातक आहेत. परदेशांत पूर्वी सीएफच्या मुलांची उन्हाळी शिबिरे भरत असत, ती याच कारणाने बंद झाली. रुग्णालयातही दोन सीएफ रुग्णांत किमान दोन मीटर अंतर असावे असा दंडक आहे. आपण बाह्यरुग्ण विभागात बसता तेव्हा शेजारी सीएफचे दुसरे मूल असेल तर उठून दूर बसण्यात संकोच मानू नका. इतर निरोगी मुलांशी आपल्या बाळाने मनसोक्त खेळावे. त्याच्यापासून त्यांना कसलाही धोका नाही.

स्यूडोमोनास पहिल्यांदा निघाला तर घाबरून जाऊ नये, पण एक दिवसही वाया घालवू नये. सुरुवातीला हा जंतू विरळ असतो आणि औषधांना दाद देतो. श्वासावाटे टोब्रामायसिन हे प्रतिजैविक २८ दिवस देण्याची पद्धत रूढ आहे, आणि बहुसंख्य मुलांत त्याने जंतू जातो. दुर्लक्ष झाल्यास तो स्वतःभोवती चिकट आवरण तयार करून कायमचा ठाण मांडतो. मग त्याला हलवणे जवळजवळ अशक्य होते. म्हणूनच बाळाला काही होत नसतानाही दर तीन महिन्यांचे कल्चर चुकवायचे नसते. पुन्हा तपासून जंतू गेल्याची खात्रीही करावी लागते. फ्लूची लस दरवर्षी द्यावी. गोवर आणि न्यूमोकोकसच्या लसी राहिल्या असतील तर त्याही पूर्ण कराव्यात.

नव्या गोळ्यांविषयी. एलेक्साकाफ्टर, टेझाकाफ्टर आणि आयवाकाफ्टर यांचे एकत्रित औषध बिघडलेल्या प्रथिनालाच कामाला लावते. एफ५०८डेलची एक प्रत असली तरी ते उपयोगी पडते. आपल्या बाळात तर दोन आहेत. अमेरिकेत ते २०१९ मध्ये बारा वर्षांवरील रुग्णांसाठी आणि २०२३ मध्ये दोन वर्षांपासूनच्या मुलांसाठी मंजूर झाले. तेथील छापील किंमत वर्षाला तीन लाख डॉलरहून अधिक आहे, त्यामुळे स्वतःच्या खिशातून ते घेण्याचा विचार करणे व्यर्थ आहे. केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणात सीएफचा उल्लेख पोटेन्शिएटर प्रकारच्या (बिघडलेल्या प्रथिनाचे काम वाढवणाऱ्या) औषधाच्या संदर्भात आहे. पन्नास लाख रुपयांपर्यंतच्या साहाय्याची त्यात तरतूद असून अर्ज निवडक केंद्रांमार्फत होतो, आणि मुंबईचे केईएम रुग्णालय त्यांपैकी एक आहे. मदत मिळेलच असे गृहीत धरू नका. तरीही तेथे बाळाची नोंद असणे हिताचे आहे. औषध उद्या आवाक्यात आले, तर त्याचा खरा लाभ ज्यांच्या श्वासनलिका तोवर शाबूत असतील त्यांना होईल. रुंदावलेली नळी गोळीने सहसा पूर्ववत अरुंद होत नाही.

मुलीच्या घामाची तपासणी अवश्य करावी, ती धडधाकट दिसत असली तरीही. क्लोराइड ३० च्या खाली आले तर सीएफची शक्यता फार कमी. ६० किंवा त्याहून अधिक आले तर निदानाच्या दिशेने पावले टाकावी लागतात. मधला आकडा आला तर जनुकीय तपासणी. दोष आई आणि वडील दोघांकडून एकेक असा येतो, त्यामुळे आपण दोघेही वाहक (दोषाची एकच प्रत असलेले, स्वतः निरोगी) आहात आणि प्रत्येक गर्भारपणात आजाराची शक्यता २५ टक्के असते. मामाच्या मुलीशी लग्न आपल्या भागात सर्रास होते. त्यात दोष एकाच आजोबा-आजीकडून दोघांत उतरण्याची शक्यता वाढते एवढेच. याबद्दल घरात कुणालाही बोल लावू नये. पुढच्या अपत्याचा विचार असेल तर दिवस राहण्यापूर्वीच जनुकीय समुपदेशन घ्या. घरातील जनुकीय बदल आधीच माहीत असल्यामुळे अकराव्या ते तेराव्या आठवड्यात वारेचा अंश तपासून निदान करता येते. मुंबईला बाळाची पुढची भेट असेल तेव्हा दोन्ही मुलांना घेऊन जा. मुलीच्या घामाची तपासणी त्याच खेपेत उरकेल. निघण्यापूर्वी मात्र फोन करून वेळ घ्या, कारण ही तपासणी सगळ्याच दिवशी होते असे नाही.